पोटातून आवाज

माझी मुलगी आठ वर्षांची असताना एका दुपारी शाळेची रिक्षा तिला घेऊन आमच्या गल्लीपुढून सरळ निघून गेली. रिक्षावाले चाचा गप्पांच्या नादात थांबायचं विसरले. टीव्ही सेंटर चौकापर्यंत जाऊन बाकीची मुलं उतरली, तेव्हा त्यांना मागच्या कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसलेली ही दिसली. तिला परत आणून सोडताना माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले होते.

"मॅडम, बच्ची कुछ बोलतीच नै. मैं क्या करूं?"

"अगं, थांबा म्हणायचं ना!" मी तिला म्हटलं.

"म्हटलं मी," ती म्हणाली. "हळू."

तिचा तरी काय दोष? नवरा वाळूजच्या कंपनीत, तीन पाळ्यांचं काम. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपायचा आणि सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं. त्यामुळे जन्मल्यापासून लेकीच्या कानावर एकच वाक्य, "हळू, बाबा झोपलेत." मी चटणी वाटायला मिक्सर उचलून शेजारणीकडे जायचे. आम्हा मायलेकींची भांडणंसुद्धा डोळे वटारून व्हायची.

त्याच आठवड्यात मी तिला कराटेच्या वर्गात घातलं. वर्ग पलीकडच्या कॉलनीच्या सभागृहात भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम किडकिडीत, पण त्या आत आल्या की वीस पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. हातपाय चालले की धीटपणा येईल, असा माझा हिशेब. हातपाय खरंच चालले. दोन महिन्यांत लेकीची लाथ माझ्या खांद्यापर्यंत पोचली. अडलं ते आरोळीवर. ठोसा मारताना प्रत्येकाने जोरात ओरडायचं असतं. बाकीची पोरं ओरडली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आमची नुसती माशासारखं तोंड उघडायची.

"हातपाय पास, आवाज नापास," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत ओरडली नाही तर पिवळा पट्टा नाही देणार मी."

परीक्षेला तीन आठवडे होते. घरात सराव शक्य नव्हता आणि गच्चीवर गेलो तर शेजारपाजारचे खाली जमून वर बघत बसले असते. म्हणून रविवारी सकाळी स्कूटरवर लेकीला मागे बसवलं आणि दौलताबादच्या रस्त्याला लागले. किल्ल्याच्या अलीकडे एक मोकळं रान बघून थांबलो.

"हं, ओरड."

"तू आधी."

मी दोन्हीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग डोळे मिटून ओरडले. गंजलेलं फाटक उघडावं तसा काहीतरी आवाज निघाला. लेक हसून खाली बसली. तेवढ्यात पलीकडच्या पेरूच्या बागेतून एक म्हातारी हातात काठी घेऊन धावत आली.

"काय झालं वं बाई? साप निघाला का काय?"

मी ओशाळून सगळं सांगितलं. तिला हसू आवरेना. ती राखण करायला बसली होती. दिवसभर पोपट आणि वानरं हाकलायचं तिचं काम.

"गळ्यातून कशाला वरडायलीस?" ती म्हणाली. "गळा लगेच बसतो. हितून काढ." तिने लेकीच्या पोटावर बोट टेकवलं. मग काठी रोवून उभी राहिली आणि एक "हुर्रर्र हाऽऽ" अशी दिली, की बागेतले पोपट थव्याने उडाले.

लेकीचे डोळे चमकले. तिने पाय रोवले, पोट आत घेतलं. पहिल्यांदा नाही जमलं. पाचव्या-सहाव्या वेळी एक वानर फांदीवरून उतरून पळालं. "लई भारी!" म्हणत म्हातारीने तिच्या फ्रॉकच्या ओच्यात चार पेरू टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर लेक बैठकीच्या खोलीत खांबासारखी उभी आणि दारात झोपेतून उठलेला नवरा, बनियनवर, केस विस्कटलेले. तिला राहवलं नव्हतं. तिने आरोळी दिली होती.

"परत कर बघू," तो तिला म्हणाला. मग उशी आणून छातीशी धरली. "हिच्यावर मार."

"अहो, तुमची झोप..." मी म्हटलं.

"मी मशीनच्या खडखडाटात आठ-आठ तास असतो. हिची आरोळी सोडली तर मला कसली जाग येते? तुम्हीच दोघी सारख्या कुजबुजत असता. मला वाटायचं, माझ्यापासून काहीतरी लपवताय."

आठ वर्षं! मी भाजीची पिशवी घेऊन तशीच खुर्चीत बसले. हसावं की रडावं कळेना. उशीचा कापूस मात्र त्या आठवड्यात बाहेर आला.

परीक्षेच्या दिवशी तिचं नाव पुकारलं. ती पुढे झाली, वाकून नमस्कार केला, पाय रोवले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी "हुर्रर्र हाऽऽ" दिली. मग पोरं खो खो हसायला लागली. मॅडमनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"आवाज पास," त्या वळून म्हणाल्या. "पण ठोसा कुठंय?"

आवाजाच्या नादात ती हात उचलायचंच विसरली होती. ती स्वतःही हसली, आणि दुसऱ्यांदा तिने दोन्ही एकदम दिलं.

पट्टा मिळाल्यावर आम्ही तिघं इमरती खायला गेलो. पट्टा सोडायला ती तयार नव्हती, त्यामुळे पाक थेट त्याच्यावर ओघळला. सकाळी पाहते तर दोरीवरच्या पट्ट्याला मुंग्या लागलेल्या. मी घाईत तो पांढऱ्या पोशाखासकट बादलीत बुडवला आणि तासाभरात सगळा पोशाख हळदीच्या दुधासारखा झाला. मी घाबरतच तिला दाखवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"छान झालाय," ती म्हणाली, चांगली मोठ्याने, आणि तोच घालून वर्गाला गेली.