पोटातला गोळा

प्रयोगशाळेत त्याला सगळे फुगेवाला म्हणत. कामच तसं होतं. जठरात फुगून बराच वेळ तरंगत राहील आणि औषध हळूहळू सोडेल, अशी गोळी तिथे तयार होत होती. फुगेवाला ती काचेच्या भांड्यातल्या आंबट पाण्यात टाकून फुगताना बघत बसे. माणूस मुळात भित्रा. गोळी लोकांच्या पोटात जाण्याआधीच याच्या पोटात गोळा येई. कोरडी गिळली आणि घशातच फुगली तर? हे त्याचं साहेबांना विचारून झालं होतं, शिपायालाही विचारून झालं होतं. घरी तर जेवताना रोज हातवारे करून सांगायचा.

"अहो, घास तरी नीट उतरू द्या आमचा," बायको म्हणायची.

आई मुकाट्याने जेवायची. तिचं हृदय अशक्त होतं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या, तरी पायांची सूज उतरत नव्हती. गोळ्या ती पाण्याशिवायच तोंडात टाकायची, तेही पाठ फिरवून.

एका संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा बायको त्याचा कामाचा कोट वाळत घालत होती.

"आईंची गोळी खिशातच विसरलात ना? मघाशी दिली मी त्यांना."

आदल्या दिवशी प्रयोगशाळेत टेबलावरून घरंगळलेली गोळी त्याने उचलून खिशात टाकली होती, ती फेकायची राहून गेली.

आई पलंगावर आडवी होती. ओठ घट्ट मिटलेले, छाती धपापत होती.

"आई, घशात काही अडकलंय का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग तोंड उघड बरं!"

तेही नाही.

"दवाखान्यात न्यायला गाडी बोलाव गं!" तो बायकोवर ओरडला. मन चिंती ते वैरी न चिंती. आईच्या घशात ती गोळी फुगत चाललेली त्याला डोळ्यांसमोर दिसत होती.

आईने कोपऱ्यातल्या डबीकडे बोट दाखवलं. डबीत तिची कवळी असायची. दातांवाचून ती पोटच्या लेकासमोरही तोंड उघडत नसे, मग डॉक्टरांसमोर कुठली जायला! त्याने झाकण काढलं. पाण्यावर फुगून टम्म झालेली त्याची गोळी तरंगत होती.

"अगं, गिळलीच नाहीस!" तो मटकन खाली बसला. त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

मग त्याला डबीचा तळ दिसला. तिथे अर्धवट विरघळलेल्या छोट्या पिवळ्या गोळ्या होत्या. तिच्या हृदयाच्या.

आईने कवळी बसवली आणि मान खाली घातली. "मी गोळ्या तोंडात धरायचे आणि दातांबरोबर काढून टाकायचे. सकाळी पाणी ओतून द्यायचे."

"पण का, आई?"

"तूच सांगायचास ना, घशात फुगतात म्हणून? मला भीती वाटायची रे."

"त्या वेगळ्या गं! तुझ्या नाही फुगत... कधीपासून?"

"तू सांगायला लागलास तेव्हापासून."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बायको दारातून म्हणाली, "घशात काही नाही ना? मग गाडी परत पाठवू?"

"नको, नको! थांबव गाडीवाल्याला," तो म्हणाला आणि आईच्या पायांत चपला घालू लागला. सुजलेल्या पायांत त्या चढत नव्हत्या.