कपाटाची दुसरी किल्ली

ताज्या छपाईच्या शाईचा वास आला की वर्ध्याच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. बाबांचा कॅन्सर हाडांत पोचला होता; आता फक्त दुखणं कमी करणं डॉक्टरांच्या हाती होतं. बाबा होते त्याच वॉर्डाच्या खाटा कमी होणार असं कळलं आणि मी पत्रक छापलं : 'खुर्ची मिळाली, रुग्ण विसरल्या!' कारण दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी त्या वॉर्डातच उमेदीची वर्षं काढली होती. आम्ही वीस जणांनी त्यांचं दार अडवलं. घड्याळाकडे बघत त्या म्हणाल्या, "चार वाजले. मॉर्फिनच्या कपाटाला दोन कुलपं असतात, एक किल्ली माझ्याकडे आहे. जाऊ द्या मला." "बहाणे नको, आधी लेखी द्या!" मी ओरडलो. पाऊण तासानं त्यांनी लिहून दिलं आणि जवळजवळ पळतच निघाल्या. घोषणा देत आम्ही मागोमाग गेलो, तर त्या बाबांच्याच खाटेशी थांबल्या. बाबांनी चादरीचं टोक दातांत धरलं होतं. औषध लागू पडल्यावर ते डोळे न उघडताच पुटपुटले, "काऊन वो बाई, आज एवढा उशीर?" बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मिटिंग होती, काकाजी." "आग लावा त्या मिटिंगीले," बाबा म्हणाले, "माह्या पोराले सांगतो, तो पत्रक काढते त्याच्यावर." पाचव्या दिवशी बाबा गेले. खाटा वाचल्या, लोक अजून त्याचं श्रेय मला देतात. बाबांनी सांगितलेलं पत्रक मात्र मला आजवर लिहिता आलेलं नाही.