भिंतीवरचं 'खात्रीने'

आमच्या ऑफिससमोरच्या भिंतीवर एक जुनी रंगवलेली जाहिरात आहे: 'गुडघेदुखी कायमची बंद. खात्रीने.' तो दवाखाना केव्हाच उठला, अक्षरं तेवढी राहिली. रोज संध्याकाळी एक आजी काठी टेकत येतात, भिंतीपुढे थांबतात, वाचतात आणि पुढे जातात.

खिडकीच्या अलीकडे बसून मी एका हॉस्पिटलच्या वेबसाइटचा मजकूर तपासते. नियमात न बसणारे शब्द काढायचे, हे माझं काम. 'कायमचा' काढते, 'खात्रीशीर' काढते. 'बरे व्हाल'च्या जागी लिहिते, 'आराम मिळू शकतो, परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असतात.' हे योग्यच आहे. खोट्या आशेपायी माणसं खरे उपचार सोडून बसतात. पण दिवसभर असं लिहून माझं बोलणंही तसंच झालंय. मैत्रिणीने फोनवर विचारलं, "येशील ना गं राहायला?" मी म्हणाले, "शक्य झालं तर येईन." हल्ली ती विचारत नाही.

काल खाली उतरल्यावर न राहवून म्हटलं, "आजी, तो दवाखाना बंद झालाय."

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या. "घरी विचारणारं कुणी नाही. इथे निदान कुणीतरी म्हणतंय, दुखणं थांबेल म्हणून."

त्या काठी टेकत निघून गेल्या. मला खोलीवर जायची घाई नव्हतीच. भिंतीसमोर उभी राहून मी ती जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, एकही शब्द न खोडता.