पाण्याखाली गेलेली वाट

हैदराबादजवळ गंडीपेटच्या तलावाकाठी एक पायवाट आहे. चहाच्या टपरीपासून ती निघते, सीताफळीच्या झुडपांतून खडकाळ टेकडीवर चढते, पलीकडे पाण्याशी उतरते आणि काठाकाठाने पुन्हा टपरीपाशी येते. एक फेरी सहा किलोमीटरची. चार वर्षं, जवळपास दर रविवारी पहाटे, ताई आणि मी ही फेरी धावलो.

ताई माझी मोठी बहीण. काचीगुड्याला राहते, आबिड्समधल्या एका कचेरीतून निवृत्त झाली. तिची नजर कडेकडून मिटत चालली आहे. समोरचं थोडं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. पायाखालचं दिसत नाही. म्हणून जुन्या सुती ओढणीचं एक टोक तिच्या हातात असायचं, दुसरं माझ्या. मी अर्धं पाऊल पुढे राहून जमीन बोलत जायचो. चढ. उतार. मूळ. पायाखाली फिरणारा सुटा दगड असेल तर गोटा. काहीच नसेल तर साफ. वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे काम अवघड वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात ती टेकडीवर पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिच्या मुलीने अट घातली. आणखी एकदा पडली तर धावणं बंद.

"घरात ट्रेडमिल आणते. नाकासमोर सरळ धाव," भाची म्हणाली.

"त्यावर धावून पोचायचं कुठे?" ताईने विचारलं.

"आई, मी मजाक नाही करत."

"हौ, कळलं."

त्या दिवसापासून ओढणीवरची ताईची पकड घट्ट झाली, ते माझ्या हाताला कळत होतं.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाने तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा टपरीपासून पुढे सगळं धुकं होतं. बरोबर आलेली भाची नेहमीप्रमाणे टपरीच्या बाकावर बसून राहिली. टेकडीपर्यंत ठीक चाललं. पिकत आलेल्या सीताफळांचा वास मधेच यायचा, मधेच जायचा. खडक जवळ आले की दिसायचे, मागे पडले की नाहीसे व्हायचे. हैदराबादला समुद्र नाही, पण माथ्यावरून उतरताना खाली पैलतीर नव्हता, आकाशाची कड नव्हती, नुसता पांढरा विस्तार होता आणि त्याच्या तळाशी कुठेतरी पाणी हलत होतं. आपण धावतो आहोत की वाट आपल्याखालून सरकते आहे, हे काही वेळ सांगता आलं नसतं.

"साफ," मी म्हणालो. "साफ. पुढे मूळ आहे. आता साफ."

ओढणी ताणली गेली. ताई थांबली होती.

"आवाज बदलला," ती म्हणाली.

"कसला?"

"मुरुमाचा. ओला वाजतोय."

"अगं, साफ आहे," म्हणत मी दोन पावलं टाकली, तिसऱ्याला गुडघाभर पाण्यात गेलो आणि चिखलात बसलो. ओढणी हातातून सुटली.

पावसाने तलाव वर चढला होता. वाट पाण्याखाली होती. धुक्यात मला चार पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं आणि उतारापासून मी जे बोलत आलो होतो ते सगळं मागच्या महिन्यातलं होतं. ते मूळसुद्धा. डेस्कवर नव्या वार्ताहराने प्रत्यक्ष न जाता बातमी लिहिली तर मी ती परत करायचो.

ताई जागेवर उभी होती. तिचे बूट कोरडे होते.

"लागलं का?"

"नाही."

"मग ऊठ. आता दिसेल तेवढंच सांग. पाठ झालेलं नको."

पाण्यावरून कुणीतरी हाक मारली. "एवरू?" कोण आहे, असं विचारणारा तो मासे धरणारा असावा, तो दिसला नाही.

"मेमे," ताई म्हणाली. आम्हीच. जणू तो आम्हाला ओळखतच होता. वाट कुठून, असं तिने तेलुगूतच विचारलं. खडकांवरून जा, आवाज म्हणाला, आणि वल्ह्याचा आवाज दूर गेला.

आम्ही खडकांवरून गेलो, चालत. मी एकेक गोष्ट दिसली की सांगत होतो. खडक, कमरेएवढा. उजवीकडे शेवाळ. फट, एक वीतभर. ताई आधी तळवा टेकवायची, मग पाय. बराच वेळ पांढऱ्याशिवाय काही नव्हतं आणि त्या वेळात तिला जेवढं दिसत होतं, त्याहून मला फार जास्त दिसत नव्हतं.

टपरीशी पोचलो तेव्हा भाची रस्त्यावर येऊन उभी होती. तिने आधी आईचे गुडघे पाहिले, मग माझी पँट.

"कोण पडलं?"

"मामा," ताई म्हणाली.

"आणि तू?"

"मी थांबले होते. पाणी ऐकू आलं."

भाची माझ्याकडे वळली. जे झालं ते मी सांगितलं, काही न गाळता. तिने चहा मागवला. तो संपल्यावर ओली ओढणी माझ्या हातातून घेऊन पिळली.

"पुढच्या रविवारी मी धरते. तुम्हाला रस्ता पाठ आहे मामा, तोच प्रॉब्लेम आहे. मला काहीच माहीत नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मला हो म्हणावं लागलं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या दहा पावलं मागे होतो. भाचीला आमचे शब्द येत नव्हते. "आई, दगड. लेफ्ट. अरे, हा हलतोय. आता काही नाही." धुकं विरळ होतं आणि दोघी त्यात कधी दिसत, कधी नुसत्या ऐकू येत. खडकांपाशी त्या चालू लागतील असं मला वाटलं होतं. पण त्या सावकाश धावतच वर गेल्या आणि त्यांना गाठताना मला धाप लागली.