पुस्तकातल्या गावाला बाजार नसतो

गुरुजींच्या शिकवणीत गणित सोडवायला बसलं, की आधी पेन्सिल खाली ठेवावी लागे. कुणाचा हात चुकून पाटीकडे गेला, की पडवीभर आवाज घुमायचा, "ठेव खाली!" त्यावरून बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात त्यांचं नाव पडलं ठेवखाली गुरुजी. त्यांना ते ठाऊक होतं. एखादा नवा पोरगा पत्ता विचारत आला, तर स्वतःच म्हणत, "ठेवखाली न? मीच थो. ये, दप्तर ठेव खाली."

दिवसा ते जंगल खात्यात कारकून होते. संध्याकाळी आमचे. उदाहरण मोठ्यानं वाचायचं, मग पुस्तक मिटून सांगायचं, दिलं काय आणि मागितलं काय. शाळा हिंदीतून, घर मराठीतून, त्यामुळे आमची जीभ अधूनमधून अडखळे. गुरुजी म्हणत, "वाच हिंदीत, सांग मायच्या बोलीत, मंग लिव हिंदीत. गणित कोण्या भाषेचं गुलाम नाही."

मी त्यांच्याकडे गेले ती रडत. माझे बाबा राईस मिलमध्ये हमाल. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि छमाहीत, म्हणजे सहामाही परीक्षेत, गणितात नापास. बाबांनी शांतपणे सांगितलं होतं, "सालाना परीक्षेत पास झाली त पुढं शिक. नाही त लामत्याले मामाच्या गावी जा, त्याच्या वावरात काम कर." बाबा रागावले असते, तर मी भांडले तरी असते.

छमाहीच्या पेपरात एक उदाहरण होतं. आठ मजूर सहा दिवसांत धान कापतात, तर बारा मजूर किती दिवसांत कापतील? मी उत्तर लिहिलं, पाच दिवस. शाळेतल्या सरांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. मी लिहिलं होतं, काम चार दिवसांचं, पण मध्ये बाजाराचा दिवस येईल, त्या दिवशी मजूर येणार नाहीत. "ये बाज़ार कहाँ से आया, देवीजी?" सर म्हणाले. वर्ग हसला. तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडणं सोडलं होतं.

गुरुजी तो पेपर वाचून हसले नाहीत. म्हणाले, "कोणता बाजार?"

"लालबर्‍याचा. आमचं गाव तिकडं हाय."

"मंग बरोबर हाय. बाजाराच्या दिवशी कोण विळा धरते? हिशेब तुहा बरोबर, फक्त गाव चुकलं. पुस्तकातल्या गावाले बाजार नसते. तिथं कोणी बिमार पडत नाही, पावसाचं पाणी येत नाही, मजूर बिडी बी पेत नाही."

"असं गाव कायले पायजे मंग?"

"हिशेब शिकाले. शिकून झालं का वापस आपल्या गावात ये."

त्या दिवशी मला गणिताची भीती वाटेनाशी झाली असं म्हणणं खोटं होईल. पण आपण मूर्ख नाही, हे कळलं. तेवढ्यावर मी पुढे पुष्कळ चालले.

'समजलं' हा शब्द त्यांच्या पडवीत चालत नसे. कुणी म्हणालं की लगेच, "मले नोको सांगू. त्या किरनापूरवाल्याले समजाव." किरनापूरवाला म्हणजे आमच्यातला सर्वांत चिवट मुलगा. तो प्रत्येक पायरीला "काहून?" विचारी. त्याला बीजगणित समजावता समजावता माझं पक्कं झालं. त्याचं कधी झालं, देव जाणे.

आतून काकूंचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, आवाज येई, "साऱ्या बालाघाटले हिशेब शिकवतेत, घरचं मीठ सरलं थे ह्यायले दिसत नाही!" गुरुजी आम्हाला विचारत, "सांगा, दिलं काय, मागितलं काय?" आम्ही एका सुरात ओरडायचो, "मीठ!" मग ते पिशवी घेऊन निघायचे, आणि बहुतेक वेळा साखर आणायचे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं दार बंद असे. कुणी पुस्तक घेऊन आलंच, तर खिडकीतून म्हणत, "आता नवं काही शिरत नाही. जा, भात खा, झोप." सालाना परीक्षेत पेपर हातात आल्यावर मी पेन खाली ठेवून बसले, तर पर्यवेक्षक घाबरून म्हणाले, "तबीयत तो ठीक है?" मी म्हटलं, "हौ. पढ़ रही हूँ."

मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. गुरुजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला त्यांचा दिवस आठवतो तो दहावीच्या निकालाचा. गणितात मी चांगली पास झाले होते. बाबा मिलमधून तसेच, अंगावर कोंडा घेऊन, मला गुरुजींकडे घेऊन गेले. हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पोरगी पास झाली. आता तुमीच सांगा, इले आणखी कितीक शिकवू?"

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला.

"मले काहून विचारता? शिकणारी इथं उभी हाय."

बाबा माझ्याकडे वळले. तोवर माझ्याबद्दलचं सगळं त्यांनी दुसऱ्यांना विचारूनच ठरवलं होतं. मग हळूच, जणू मी कुणी मोठी बाई आहे, अशा आवाजात म्हणाले,

"सांग व माय. कुठवर शिकतं?"