बाकी मूळ क्लासप्रमाणे

गुडीहत्नूरच्या हायवेवर मी शाळेच्या बसची वाट बघायचो, तेव्हा गावातला एक प्रोग्रामर चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडून हैदराबादच्या कंपनीचं काम करत असायचा. दुसऱ्याच्या पॅकेजमधला तयार क्लास, म्हणजे प्रोग्रामचा आयता तुकडा घ्यायचा, त्यावर आपला क्लास चढवायचा आणि तो कसा चालतो या माहितीच्या जागी लिहायचा, 'बाकी मूळ क्लासप्रमाणे.' काही बिघडलं की कंपनीचा फोन यायचा. हे साहेब चहा संपवूनच उचलायचे.

"नीट लिहून काऊन ठेवत नाही?" मी विचारलं.

"लिवलं तर मले कोन इचारन, भाऊ?"

परवा मूळ पॅकेजच बदललं आणि त्याचं सगळं काम बंद पडलं. त्यानं मूळ क्लास उघडला. तिथं माहितीच्या जागी एवढंच होतं, 'अडलं तर मला विचारा.' लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, फोन बंद.

चहा निवत होता.

"लिवून ठेवाले काय जाते या लोकायचं?" तो माझ्यावरच खेकसला.