त्याच्या टीव्हीवरची माझी होडी

सोनईच्या त्या चाळीत आम्हा दोन भाडेकरूंकडे एकसारखेच कॉम्प्युटर होते. पुण्याच्या जुन्या बाजारातून एकाच खेपेला आणलेले. अख्खा कॉम्प्युटर कीबोर्डातच. चित्र बघायचं ते घरच्या टीव्हीवर, अँटेनाच्या भोकात वायर घालून. मी नववीतून शाळा सोडून कोकणातून साखर कारखान्याच्या वर्कशॉपात आलेलो. शेजारी वायरमन, इथलाच. खोली मला त्यानंच मिळवून दिली, पहिला महिना जेवूही घातलं. हे उपकार विसरता येत नव्हते, म्हणून तर पुढं त्याच्यावर जास्त जळलो.

संध्याकाळी घरमालकाची पोरं माझ्याकडं यायची. मी प्रोग्रामच्या ओळी टाईप करून पडद्यावर आमच्या खाडीतली होडी काढायचो. चित्र थरथरायचं, कडा विरघळायच्या, तरी पोरं टाळ्या पिटायची. तेवढा वेळ घर आठवत नसे.

मग वायरमननं त्याचं मशीन उघडलं. आत पत्र्याची एक डबी असते. ती चित्राला अँटेनाच्या वाटेनं जाण्याजोगं करते आणि तिथंच ते फिसकटतं. त्यानं डबीला बगल देऊन चित्र थेट बाहेर काढलं. त्याच्या पडद्यावर अक्षरं छापल्यासारखी उठली. पोरं तिकडं वळली. माझ्या दारावरून जाताना आत डोकावतही नसत. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू यायचं.

शेवटी मशीन त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, तुमच्यासारखंच करून द्या. आधी तुमचा टीव्ही बघू, असं तो म्हणत होता. मला वाटलं, टाळतोय. मी हट्टच धरला, तेव्हा त्यानं सोल्डरिंग केलं.

खोलीत आणून लावलं, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. थेट चित्राला टीव्हीत वेगळं भोक लागतं. ते त्याच्या कलर टीव्हीला होतं, माझ्या छोट्या ब्लॅक अँड व्हाईटला नव्हतं.

तो दारात येऊन उभा राहिला.

"मी सांगत हुतो. आना इकडं, माझ्या टीव्हीला लावू."

नको म्हणावंसं वाटलं. पण मशीन टॉवेलात गुंडाळून गेलो. पोरं तिथं बसलीच होती. मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं, म्हणून सगळ्या ओळी पुन्हा टाईप केल्या. होडी आली. शिडाची दोरी, वल्हं, सगळं स्वच्छ.

घरमालकाची धाकटी म्हणाली, "काका, ही होडी हाय व्हय? आमाला इतके दिवस ट्रॅक्टर वाटला हुता."

वायरमन हसला नाही. "तुमच्या गावाकडली का?" त्यानं विचारलं.

मग त्याच्याच चटईवर बसून मी पोरांना खाडी सांगत राहिलो, भरती, ओहोटी, जाळी. डोळा मात्र त्याच्या टीव्हीमागच्या त्या भोकावर होता.